४० ओहम की ५२९? वाचकांचे प्रश्न, व्होल्टेज-करंटची उत्तरं

मागच्या अंकात आपण रेझिस्टन्स आणि पॉवर काढायचं साधं गणित दिलं होतं, ते आधी परत लिहितो म्हणजे ज्यांचा अंक हुकला त्यांची अडचण नको. व्होल्टेजला करंटनं भागलं की रेझिस्टन्स मिळतो, ओहममध्ये. व्होल्टेज गुणिले करंट केलं की पॉवर, वॅटमध्ये. ह्या दोन्हींची सांगड घातली की करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स ही पण पॉवरच, आणि व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स ही पण पॉवरच. एवढंच होतं, पण त्यावर इतकी पत्रं आली आणि व्हॉट्सॲपवर मीटरचे इतके फोटो आले की मला खरंच बरं वाटलं, लोक घरात बसून मोजायला लागलेत. माझं सांगली-मिरज रस्त्याला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, दिवसभर हेच काम, त्यामुळं उत्तरात पुस्तकापेक्षा दुकानातलंच जास्त येईल.

सगळे प्रश्न एका बैठकीत वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली. सूत्र बरोबर असतं, गुणाकार-भागाकार पण बरोबर असतो, पण व्होल्टेज एका वेळचं आणि ओहम दुसऱ्या वेळचे घेतलेले असतात, नाहीतर व्होल्टेज एका जागेचं आणि करंट भलत्याच जागेचा. मग जे उत्तर येतं ते कशाचंच नसतं. खाली बघा, बहुतेक ठिकाणी गाठ तिथंच बसलीय.

प्रश्न : मी दहावीत आहे. १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रेझिस्टन्स सूत्रानं काढला तर २३० चा वर्ग भागिले १०० म्हणजे ५२९ ओहम येतो. पप्पांच्या मल्टिमीटरवर तोच बल्ब हातात धरून मोजला तर ४० ओहम दाखवतो. पप्पा म्हणतात गणित चुकलं, सर म्हणतात मीटर खराब आहे. – एक विद्यार्थिनी, कोरेगाव

बाळ, तुझं गणित पण बरोबर आणि मीटर पण अगदी ठणठणीत आहे. ४० ओहम हा गार बल्बचा रेझिस्टन्स आणि ५२९ हा पेटलेल्या बल्बचा. आतली तार टंगस्टनची असते आणि बल्ब लागल्यावर ती अडीच हजार डिग्रीच्या आसपास तापते. धातू तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, टंगस्टनचा तर एवढ्या तापमानाला साधारण तेरा-चौदा पट होतो. मल्टिमीटर ओहम मोजताना आपल्या छोट्या सेलमधून नावाला करंट सोडतो, त्यानं तार कोमट पण होत नाही. म्हणून तुला ४० दिसले.

आता चूक कुठं होते बघ. २३० व्होल्ट घेतले आणि त्याला ४० नं भागलं तर पावणेसहा अँपिअर येतात आणि पॉवर १३२२ वॅट. म्हणजे बल्ब नाही, शेगडीच झाली. कारण २३० व्होल्ट आहेत ते पेटलेल्या बल्बवर, आणि ४० ओहम आहेत ते गार बल्बचे, दोघांची गाठ कधी पडतच नाही. नाही, एकदा पडते, ती पण सांगतो. बटण दाबल्या क्षणी तार गारच असते, तेव्हा क्षणभर खरोखर पाच-सहा अँपिअर जाऊ शकतात, मग सेकंदाच्या अगदी छोट्या भागात तार तापते, रेझिस्टन्स वाढतो आणि करंट ०.४३ अँपिअरवर येऊन बसतो. बल्ब बहुतेक वेळा लावतानाच का उडायचे ह्याचं उत्तर इथं आहे.

तुला स्वतः बघायचं असेल तर घरच्या लाईटवर अजिबात करू नकोस, गाडीच्या ब्रेकलाईटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब आण आणि व्होल्टेज कमीजास्त करता येणारा छोटा पॉवर सप्लाय शाळेच्या प्रयोगशाळेत असेल तर तो माग. मी दुकानात केलं तेव्हा ३ व्होल्टला ०.८२ अँपिअर आले म्हणजे ३.७ ओहम, ६ व्होल्टला १.२ म्हणजे ५ ओहम, आणि १२ व्होल्टला १.७५ म्हणजे जवळजवळ ६.९ ओहम. व्होल्टेज चौपट केलं, करंट दुप्पट झाला आणि वर थोडा, एवढंच. हे आलेखावर काढ, रेष सरळ न येता वाकडी येईल, आणि ती वाकडी रेष सरांना दाखव, त्यांना पण आवडेल.

ज्यांच्या नावानं हा व्होल्टेज भागिले करंटचा नियम ओळखला जातो, त्या ओहमसाहेबांना पण हाच त्रास झाला होता बरं का. ते जर्मनीत कोलोन शहरात शाळामास्तर होते. त्यावेळच्या बॅटऱ्या अशा की मोजता मोजताच व्होल्टेज खाली यायचं, मग आकडे जुळायचेच नाहीत. शेवटी त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली आणि बिस्मथ आणि तांब्याच्या जोडाचं एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात ठेवून त्यातून मिळणारं बारीकसं पण न हलणारं व्होल्टेज वापरलं. तेव्हा कुठं नियम हाताला लागला आणि १८२७ साली पुस्तक छापलं. नियम आहे तो तापमान न बदलणाऱ्या तारेसाठी, हे वाक्य धड्यात असतं पण आपण ते वाचून पुढं जातो.

प्रश्न : रूमवर कॉईलची शेगडी आहे, १००० वॅटची. कॉईल तुटली म्हणून तुटका तुकडा काढून उरलेली ओढून बसवली. आता आधीपेक्षा जास्त लाल होते आणि पाणी पण लवकर उकळतं. मग हे चांगलंच झालं ना? – एक विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

नाही मित्रा. अख्ख्या कॉईलचा रेझिस्टन्स २३० चा वर्ग भागिले १००० म्हणजे ५३ ओहम. पाव भाग गेला तर उरले ४० ओहम. व्होल्टेज तेवढंच, म्हणजे आता करंट ५.८ अँपिअर आणि पॉवर १३०० वॅटच्या वर. आधीपेक्षा कमी तारेवर जास्त उष्णता, म्हणून लाल जास्त. तुझ्या रूममधलं साधं सॉकेट असतं ६ अँपिअरचं, वरची वायर किती जुनी आहे देव जाणे, आणि शेजारी कुणी इस्त्री लावली की झालंच. नवीन कॉईल घे, तेवढ्याच वॅटची. इथं मात्र गार-गरमचा गोंधळ नसतो, शेगडीची तार नायक्रोमची असते आणि तापल्यावर तिचा रेझिस्टन्स अगदी थोडाच वाढतो, म्हणून हे गणित मीटरशी बरंच जुळतं. प्लग काढून, शेगडी गार झाल्यावर मोजून बघ.

प्रश्न : द्राक्षबागेत नवीन विहिरीवर १ एचपीची सिंगल फेज मोटर बसवली. मीटरपेटीपासून विहीर २०० मीटर. दीड एमएमची तांब्याची वायर ओढली. मोटर घुमते पण उचलत नाही, कधी उचलली तर पाणी कमी मारते. पेटीत २२५ व्होल्ट आहेत, विहिरीजवळ वायरच्या टोकाला मीटर लावला तर तिथं पण २२५ च. म्हणजे वायर चांगली आहे. कॅपॅसिटर दोनदा बदलला. मोटरच खराब समजायची का? – एक बागायतदार, तासगाव तालुका

दादा, मोटर परत करू नका, आधी हे वाचा. असा माणूस माझ्या दुकानात वर्षातनं दहा-बारा वेळा तरी मोटर घेऊन येतो आणि मोटरला काही झालेलं नसतं.

तुम्ही टोकाला मीटर लावला तेव्हा मोटर बंद होती. वायरीतनं करंटच जात नव्हता. वायरीत पडणारं व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले वायरचा रेझिस्टन्स, करंट शून्य तर ते पण शून्य. म्हणून तिथं २२५ दिसले, आणि वायर केसाएवढी बारीक असती तरी २२५ च दिसले असते. पाईपाचं तोंड बंद करून प्रेशर बघितलं तर शेवटच्या टोकाला पण पूर्ण प्रेशर दिसतं, पाणी सोडल्यावर खरी गोष्ट कळते, तसंच आहे हे. मोटर चालू असताना टोकाला व्होल्टेज बघा, तोच खरा आकडा.

आता वायरचं काढू. तांब्याची १ मीटर लांब आणि १ स्क्वेअर एमएम जाड तार घेतली तर रेझिस्टन्स येतो ०.०१७२ ओहम. तुमची वायर २०० मीटर, पण करंट जातो आणि परत येतो, म्हणजे हिशोबाला ४०० मीटर. ही चूक भले भले करतात. ४०० गुणिले ०.०१७२ भागिले दीड, आले ४.६ ओहम. ऐकायला काहीच नाही. पण मोटर चालताना समजा ६ अँपिअर घेते, तर ६ गुणिले ४.६ म्हणजे २७-२८ व्होल्ट वायरीतच गेले आणि मोटरला मिळाले १९७. पाणी कमी मारते ते ह्यामुळं. आणि ६ चा वर्ग गुणिले ४.६ म्हणजे १६५ वॅट नुसती वायर तापवण्यात चाललेत, सहा तास मोटर चालली तर रोज एक युनिट.

सुरू होतानाची गोष्ट आणखी अवघड. तुमच्यासारखी मोटर पूर्ण व्होल्टेजवर सुरू होताना साधारण २५ अँपिअर ओढते असं धरू. आता कुणी म्हणेल २५ गुणिले ४.६, म्हणजे ११५ व्होल्ट वायरीत गेले. हे पण बरोबर नाही, कारण २५ अँपिअर जातात ते मोटरला पूर्ण २२५ मिळाले तर, आणि तुमच्या मोटरला ते मिळतच नाहीत. दोन आकडे परत दोन वेगळ्या परिस्थितीतले. मग कसं करायचं? २२५ भागिले २५, म्हणजे सुरू होतानाची मोटर ९ ओहमसारखी वागते. तिच्या मागं वायरचे ४.६. मिळून १३.६. आता २२५ भागिले १३.६ म्हणजे १६.५ अँपिअर, वायरीत गेले ७६ आणि मोटरच्या वाट्याला आले १४९ व्होल्ट. एसीत ह्या दोन रेझिस्टन्सची बेरीज इतकी सरळ होत नाही, पण अंदाजाला हे पुरतं. मोटरची उचलायची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणं कमी होते, १४९ भागिले २२५ चा वर्ग केला की ०.४४, म्हणजे निम्मी ताकद पण नाही. ती बिचारी घुमणारच. आणि घुमत राहिली की मोठा करंट आत चालूच राहतो, फिरत नसल्यामुळं वारा नाही, वायंडिंग काळं व्हायला वेळ लागत नाही. मग मात्र मोटर खरंच माझ्याकडं येते.

चार एमएमची तांब्याची वायर टाका. तेवढ्याच अंतराला रेझिस्टन्स १.७ ओहम, चालताना दहाच व्होल्ट पडतील, आणि सुरू होताना मोटरला १९० च्या आसपास मिळतील, ताकद सत्तर टक्के. उचलेल. ॲल्युमिनियमची घ्यायची असेल तर तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीपेक्षा जास्त असतो, म्हणून सहा किंवा त्याच्या वरची बघा. आणि एक, उरलेली वायर पेटीजवळ वेटोळं करून टांगायची सवय आपल्याकडं आहे, तुम्ही पण टांगली असेल तर मोटर चालवून पेटी बंद करा आणि मग त्या वेटोळ्याला बाहेरून हात लावून बघा. गणित न करता कळेल वॅट कुठं चाललेत ते.

प्रश्न : बाथरूमच्या गिझरचा प्लग काळा पडतो, वास येतो. दोनदा सॉकेट बदलून झालं. गिझर चांगला चालतो, पाणी वेळेत तापतं, एमसीबी पण कधी पडत नाही. मग लोड जास्त आहे असं कसं म्हणायचं? – एक गृहिणी, मिरज

ताई, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. लोड जास्त नाहीच. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो, १६ अँपिअरच्या सॉकेटला ते काहीच नाही. पण प्लगच्या आत जिथं वायर स्क्रूखाली दाबलेली असते तिथं ती सैल असली, किंवा पिन सॉकेटात ढिली बसत असली, तर त्या एका जागेवर थोडासा रेझिस्टन्स तयार होतो. थोडासा म्हणजे समजा अर्धा ओहम. ८.७ चा वर्ग ७५.७, त्याच्या निम्मे, ३८ वॅट. आमच्या दुकानात सर्किटला डाग द्यायचा सोल्डरिंग आयर्न असतो ना, तो २५ ते ४० वॅटचाच असतो. तसा एक आयर्न तुमच्या प्लगच्या पोटात, ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत, रोज वीस मिनिटं चालू राहतो. प्लास्टिक काळं नाही पडणार तर काय होणार.

आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही, तो पण ह्याच गणितामुळं. अर्ध्या ओहमवर ८.७ अँपिअरला जेमतेम सव्वाचार व्होल्ट पडतात, २३० मधले चार गेले तर गिझरला काय फरक पडतो. एमसीबी बघते ती करंट, आणि सैल जोडामुळं करंट वाढत नाही, उलट केसभर कमीच होतो. त्यामुळं ती पडणारच नाही. एमसीबी पडत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका, ती ह्या दुखण्याची डॉक्टर नाही.

आमच्या स्वतःच्या घरी झालंय हे. पहाटे आईला जळका वास आला, सगळीकडं शोधलं, शेवटी गिझरच्या प्लगला हात लावला तर चटका बसला. उघडून बघितलं तर वायरचं रबर कडक होऊन बोटात चुरा होत होतं आणि तांब्याच्या तारा काळ्या, त्यातल्या निम्म्या स्क्रूच्या बाहेर. तो प्लग मीच घाईत बसवला होता. तेव्हापासून घरात कुठलाही मोठा प्लग बसवला की अर्ध्या तासानं बंद करून हात लावून बघतो, कोमट चालेल, गरम नाही.

तुमच्याकडं सॉकेट दोनदा बदललं पण वायरचं जळकं टोक तेच राहिलं असणार. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून वायर मागं कापून घ्या, तांबं लखलखीत दिसेपर्यंत. गिझरच्या वायरीला चांगला १६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग, सगळ्या तारा पिळून स्क्रूखाली, शक्य असेल तर टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून. सॉकेटवर आयएसआयचा शिक्का बघा. खर्च फार नाही.

प्रश्न : आमच्याकडं संध्याकाळी १८० व्होल्टच येतात. गिझर कमी वॅट घेतो म्हणजे युनिट पण वाचत असणार? – एक वाचक, माण तालुका

वॅट कमी होतात हे खरं, आणि तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त कमी होतात. २००० वॅटच्या गिझरच्या कॉईलचा रेझिस्टन्स साडेसव्वीस ओहम, तो बदलत नाही. १८० चा वर्ग भागिले साडेसव्वीस म्हणजे सव्वाबाराशे वॅट. व्होल्टेज बावीस टक्के पडलं, पॉवर एकोणचाळीस टक्के. पण पाण्याला तापायला जेवढी उष्णता लागते तेवढी लागतेच, १५ लिटर पाणी २० डिग्रीवरून ६० वर न्यायला साधारण ०.७ युनिट, मग तुम्ही ते एकवीस मिनिटांत द्या नाहीतर चौतीस मिनिटांत. उलट जास्त वेळ लागल्यानं टाकीतनं थोडी उष्णता बाहेर जाते, तेवढं जास्तच जाईल. वाचत काही नाही. मोटर आणि फ्रीजला मात्र १८० वर चालवू नका, त्यांचं गणित गिझरसारखं नाही, व्होल्टेज पडलं की त्या तेवढंच काम करायला करंट जास्त ओढतात.

प्रश्न : आयटीआयला आहे, सुट्टीत वर्कशॉपला जातो. ५ एचपी थ्री फेज मोटरच्या दोन टोकांत ३ ओहम आले. ४१५ भागिले ३ केलं तर १३८ अँपिअर येतात, पण चालू मोटरवर क्लँप मीटर (वायरीभोवती जबडा लावून करंट मोजायचा मीटर) साडेसात दाखवतो. मग हा ओहम मोजायचा तरी कशाला? – एक प्रशिक्षणार्थी, पलूस

किर्लोस्करवाडीच्या शेजारी राहतोस आणि मोटरचा प्रश्न विचारतोस, बरं वाटलं. ३ ओहम हा नुसत्या तांब्याचा रेझिस्टन्स, मीटरच्या डीसीवर मोजलेला. मोटरला मिळते ती एसी, आणि वायंडिंग लोखंडावर गुंडाळलेलं असतं, त्यात फिरणाऱ्या चुंबकक्षेत्रामुळं उलटं व्होल्टेज तयार होतं आणि ते आलेल्या व्होल्टेजला बरंचसं थोपवून धरतं. करंट जातो तो उरलेल्याच्या जोरावर. रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, अडकला की सगळा हिशोब बिघडतो आणि साडेसाताच्या सहापट, म्हणजे ४५ च्या आसपास करंट जातो, ह्याच कारणानं अडकलेली मोटर जळते.

पण ओहम मोजायचा सोडू नकोस, त्याला मोल आहे. स्टार जोडणीत (तिन्ही वायंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधलेली) दोन टोकांत दोन वायंडिंग येतात, म्हणजे एकाचे दीड ओहम. साडेसातचा वर्ग ५६, गुणिले दीड, गुणिले तीन वायंडिंग, आले २५० वॅट. एवढी उष्णता मोटर चालताना तांब्यातच तयार होते. इथं रेझिस्टन्स पण तांब्याचा आणि करंट पण त्याच तांब्यातला, म्हणून हे गणित खरं निघतं. आत जाणारी एकूण पॉवर बघायची तर १.७३२ गुणिले ४१५ गुणिले ७.५ गुणिले पॉवर फॅक्टर (ह्या गुणाकारातला खरोखर वॅट होणारा हिस्सा), ०.८५ धर, ४५८० वॅट. ५ एचपी म्हणजे ३७३० वॅट शाफ्टवर. मधले साडेआठशे कुठं गेले? त्यातले २५० तुला आत्ताच सापडले, बाकी रोटरमध्ये, लोखंडात, बेअरिंग आणि पंख्यात.

आणि तिन्ही जोड्या मोजायच्या. ३, ३, ३ आले तर ठीक. ३, २.४ आणि २.४ आले तर वळसे शॉर्ट झालेत किंवा कमी पडलेत, ती मोटर सुरू करायची नाही. मोजण्याआधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लाव, ०.२-०.३ ओहम दाखवेल, तो मीटरच्या वायरींचा, तेवढा वजा कर. छोट्या रेझिस्टन्सला हे विसरलास की दहा टक्के तिथंच चुकले.

प्रश्न : पाटणवरून जाताना कोयनेच्या विजेचे एवढे मोठे टॉवर दिसतात. घरात २३० व्होल्ट लागतात तर लाईनीत ४ लाख व्होल्ट कशाला? – एक वाचक, कराड

तासगावच्या दादांच्या वायरीचंच उत्तर, फक्त मोठं. कोयनेच्या चौथ्या टप्प्यात २५० मेगावॅटचे ४ संच आहेत. एका संचाची वीज ४०० केव्हीवर न्यायची तर थ्री फेजला साधारण ३६० अँपिअर पुरतात. तीच पॉवर ११ केव्हीवर न्यायची म्हटलं तर १३,१०० अँपिअर. करंट छत्तीस पट, आणि तारेत वाया जाणारी पॉवर करंटच्या वर्गाप्रमाणं, म्हणजे त्याच तारेत तेराशे पट जास्त. एवढी जाड तार कुठला टॉवर उचलणार. आणि इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा, तारेतलं नुकसान काढताना ४ लाखाचा वर्ग भागिले तारेचा रेझिस्टन्स असं करायचं नाही, ४ लाख व्होल्ट तारेच्या दोन टोकांमध्ये नसतातच, तारेच्या दोन टोकांत फक्त पडलेलं व्होल्टेज असतं. ह्यावर दहावीच्या तीन मुलांनी विचारलं होतं, की एका सूत्रात रेझिस्टन्स वाढला की पॉवर वाढते आणि दुसऱ्यात कमी होते, खरं काय. दोन्ही खरं. करंट ठरलेला असेल तर पहिलं वापरा, व्होल्टेज ठरलेलं असेल तर दुसरं, आणि व्होल्टेज त्याच तुकड्यावरचं घ्या ज्याचा रेझिस्टन्स घेतलाय.

प्रश्न : क्लँप मीटर घेतला. एक्स्टेंशनच्या वायरीला लावला तर शून्यच दाखवतो. शेवटी आत एकच वायर धरून ९ वॅटच्या एलईडी बल्बला लावला तर कधी ०.०८ कधी ०.०५. आणि ०.०८ गुणिले २३० म्हणजे १८ वॅट होतात, पाकिटावर ९ लिहिलंय. कंपनी फसवते का? – एक वाचक, इस्लामपूर

काका, एक्स्टेंशनच्या वायरीत जाणारा आणि येणारा दोन्ही करंट एकत्र असतात, उलट्या दिशेनं, एकाचं चुंबकक्षेत्र दुसरं मारून टाकतं, म्हणून शून्य. एकच वायर धरली ते बरोबर केलंत.

कंपनी फसवत नाही. व्होल्टेज गुणिले करंट हे सरळ वॅट होतात ते बल्ब, शेगडी, गिझर अशा नुसत्या रेझिस्टन्सच्या वस्तूंत. स्वस्तातल्या एलईडीचा पॉवर फॅक्टर अर्ध्याच्या आसपास असतो, त्याला करंट लागतो तो व्होल्टेजच्या लयीत लागत नाही, थोडा थोडा झटक्यानं लागतो. म्हणून १८ ला ०.५ नं गुणा, ९ आले. तुमच्या घरचा मीटर युनिट मोजतो ते ह्या ९ वॅटचे.

आकडा हलतो कारण क्लँप मीटरला एवढा बारीक करंट नीट दिसत नाही. मेन बंद करा, होल्डरकडं जाणारी एकच इन्सुलेशनची वायर थोडी लांब घ्या आणि क्लँपच्या जबड्यातनं तिचे दहा वेढे घ्या. मग चालू करा. त्या जबड्याला दहा वेळा तोच करंट जाताना दिसतो, ०.७८ की ०.८ असा स्थिर आकडा येईल, त्याला दहानं भागा.